मावशीला बुडवलं ते साल

एकोणीसशे त्र्याऐंशी साली मावशीला बुडवलं.

मावशी म्हणजे घरची मासेमारीची बोट. लाकडी, रुंद बुडाची, सासऱ्यांनी समोर उभं राहून बांधून घेतलेली. पाटीवर तिचं नाव वेगळंच रंगवलेलं होतं, पण ते कोणी तोंडातून काढत नसे. ती हळू चालायची, सगळ्यांना सांभाळून घ्यायची आणि वळायला सांगितलं की कुरकुरायची. म्हणून खलाशी तिला मावशी म्हणू लागले, आणि तेच राहिलं.

त्या वर्षी मासळी खात्याने ठरवलं की जुन्या लाकडी बोटी बाहेर समुद्रात नेऊन बुडवायच्या. त्यांच्या सांगाड्यात मासे घर करतील, अशी खात्याची कल्पना होती. जो बोट देईल त्याच्या घराला नव्या लोखंडी बोटीचा परवाना मिळणार होता. एका घराला एकच परवाना, आणि जुनी बोट पुरती पाण्याखाली गेल्याशिवाय तोही नाही.

परवाना हवा होता दोन भावांतल्या धाकट्याला. पण मावशी बुडावी असं घरात सगळ्यांत जास्त वाटत होतं ते धाकट्याच्या वहिनीला. तिला सगळे थोरली म्हणत.

थोरलीचा नवरा मावशीचा तांडेल होता. बोट हाकायची त्याने, जाळं कुठे टाकायचं ते ठरवायचं त्याने, आणि पाच खलाशी जिवंत घरी आणायचे तेही त्यानेच. आणि त्याला ऊन उतरलं की दिसत नव्हतं. दिवसा सगळं ठीक असायचं. तिन्हीसांजेला मात्र जग पुसून जायचं. हे फक्त थोरलीला माहीत होतं. संध्याकाळचा चहा झाला की तो कप टेबलाच्या शेजारी हवेत ठेवायचा. कप फुटायचा. मग तो विचारायचा, "टेबल कोणी सरकवलं?" त्या वर्षभरात त्या घरातलं टेबल फार सरकलं.

"डोळे दाखवून या," थोरली म्हणायची.

"कशाला? मला दिसतंय की तू रागावलीयेस."

"ते आवाजावरून कळतंय तुम्हाला."

"कळल्याशी कारण!"

हिवाळ्यात एकदा परतायला अंधार पडला, तेव्हा मावशी बंदराच्या भिंतीला खरवडून आत आली होती. त्याने पाण्याच्या ओढीवर ठपका ठेवला. खलाशांनी माना डोलावल्या, कारण तांडेलाने ओढ म्हटली की ती ओढच असते. थोरलीने सकाळी जाऊन भिंतीवर लागलेला मावशीचा निळा रंग पाहिला आणि घरी येऊन भांडी घासली. त्या दिवशी भांडी फार स्वच्छ निघाली.

चारचौघांत बोलायची सोय नव्हती. दिसत नाही असा बोभाटा झालेल्या तांडेलाकडे लोक आधी कीव करून बघतात आणि मग वळूनही बघत नाहीत. तो आपल्या पायांनी, मान ताठ ठेवून बोटीवरून उतरावा, एवढंच तिला हवं होतं. तिने बर्फाच्या कारखान्याच्या मालकाला गाठून नवऱ्यासाठी मुकादमाची जागा मागून ठेवली. मालक म्हणाला, "या मोसमाला आला तर त्याची. नाहीतर माझा मेहुणा घरी बसून आहे, त्याची बहीण मला जगू देत नाही."

नवऱ्याने ऐकून घेतलं आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, "मावशी पाण्यावर आहे तोवर मी तिच्यावर. ती खाली गेली की मी जमिनीवर." हे त्याने इतक्या निवांतपणे सांगितलं की थोरलीला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पण तिचं लक्ष भलतीकडेच गेलं, तेही सासूबाईंमुळे. खात्याने बुडवायचा शनिवार ठरवला, आणि सासूबाई धक्क्यावर जाऊन मावशीला न्याहाळून आल्या.

"अशी न्यायची तिला? फळ्यांच्या फटी उघड्या पडल्यात. बाहेर चार माणसं बघणार."

त्या घरातून फट उघडी असलेली बोट कधी धक्का सोडून गेली नव्हती. सासरे तर अंगात ताप असताना हातोडी घेऊन बसलेले. म्हणून मग सगळं घर कामाला लागलं. दोघे भाऊ तेलात भिजवलेला कापूस फटीफटींत ठोकून बसवत होते. सासूबाई बोटांनी चाचपून बघत होत्या आणि "इथे भरा, इथे" म्हणत होत्या. थोरलीने स्वतः डांबर तापवलं, आणि एका बाजूला जरा पातळ लागलं तर पुन्हा हात द्यायला लावला.

धाकटी जाऊ पाववाल्याची मुलगी होती. ती पाव घेऊन आली आणि थोडा वेळ बघत राहिली.

"पण तिला बुडवायचीच आहे ना?" तिने विचारलं.

सगळ्यांच्या हातोड्या थांबल्या. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्या माहेरी बोट नव्हती गं," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

हातोड्या पुन्हा सुरू झाल्या.

शनिवारी दुपारी धाकट्याचा दोस्त मावशीला ओढून न्यायला आपली बोट घेऊन आला. त्याला भोंगा म्हणत. समोर काही असो नसो, तो भोंगा वाजवायचा. त्याच्या बोटीवर खात्याचे साहेब होते, खात्याचा फिटर होता, दोघे भाऊ होते, आणि डबा घेऊन थोरली होती. बायका सहसा जात नसत, पण ती डबा पोचवायला म्हणून चढली आणि उतरलीच नाही. सासूबाई धक्क्यावर उभ्या राहिल्या. मावशी नव्या नवरीसारखी काळीभोर, चकचकीत दिसत होती. "बघा, कुठे नजर ठरते का!" असं त्या शेजारणीला सांगत होत्या.

ठरलेल्या जागी पोचायला वेळ लागला. साहेब वाटेतच आडवे झाले होते. भला माणूस होता, पण पोटाने त्याला साथ दिली नाही. फिटर मावशीवर उतरला, बुडाला मोठमोठी भोकं पाडली आणि परत आला. पाणी आत आलं. मावशी खाली बसू लागली, बसत बसत कठड्यापर्यंत आली, आणि थांबली.

सगळे बघत राहिले. ऊन कलायला लागलं.

"काय झालं?" साहेबांनी पडल्यापडल्या विचारलं.

"थांबली," भोंगा म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे बुडत नाहीये."

तांडेल बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, हात बांधून बसला होता. "तिला सवय नाही," तो म्हणाला.

फिटर पुन्हा उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहून आणखी भोकं पाडून आला. मावशी जागची हलली नाही. पाण्याच्या पातळीला नुसती काळी कडा दिसत होती, जशी कुणी हनुवटीपर्यंत पाण्यात बसून गप्पा मारत असावी.

"लाकूडच आहे ते," फिटर म्हणाला. "भोकं पाडून लाकूड बुडत नाही. वजन पाहिजे."

"बर्फ आणू!" धाकटा उत्साहाने म्हणाला. "कारखान्यातून लाद्या आणू, आत भरू."

थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणाला, "नाही, राहू दे."

साहेब कसेबसे उठून बसले. "हे बघा, काहीही वर दिसता कामा नये. एक टोकसुद्धा. नाहीतर मला परवाना देता येणार नाही. आता ओढून परत न्या. पुढची तारीख मोसम संपल्यावर."

"मग हा मोसम?" थोरलीने विचारलं.

"हा मोसम चालवा की. भोकं बुजवून घ्या. बोट तर उत्तम स्थितीत आहे."

तांडेल मान डोलवत होता. हळूहळू, समाधानाने. थोरलीचं लक्ष तिकडे गेलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फटी भरण्याचा वेडेपणा सगळ्यांचा होता, तिचाही. तो कुणाला आडवा आला नसता. पण लाकडी बोटीच्या बुडाशी दगड असतात. बोट लाटेवर कलंडू नये म्हणून ठेवलेले, एका माणसाला नीट उचलवणार नाहीत असे. ते असते तर मावशी थांबली नसती. म्हणजे ते आत नव्हते.

ती त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"दगड कोणी काढले?"

"मीच. साहेब म्हणाले होते, बोट रिकामी करा."

"तेल काढा म्हणाले. इंजिन काढा म्हणाले. जाळी काढा म्हणाले. दगड काढा कोण म्हणालं?"

तो समुद्राकडे बघत राहिला. "एक मोसम," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एवढा एकच. मग बघ, मी स्वतः भरतो दगड."

"आणि भिंत?"

"ओढ होती."

सूर्य टेकला होता. पाण्यावर अजून उजेड होता, बाकीच्यांना एकमेकांचे चेहरे दिसत होते. धाकटा मागे बसून खात होता. थोरली नवऱ्याच्या अगदी समोर सरकली.

"माझ्या हातात काय आहे, सांगा."

तो तिच्याकडे बघत राहिला. पापण्या मिटून उघडल्या. कपाळाला आठ्या पडल्या.

"डबा," तो म्हणाला.

"डबा भाऊजींकडे आहे."

धाकट्याचं चावणं थांबलं.

"मग काही नसेल हातात."

"तुमचा हात आहे," थोरली म्हणाली. "मी कधीपासून धरून बसलेय. तो डब्यासारखा वाटतो का तुम्हाला?"

त्याने मान खाली घातली. बघून त्याला काहीच सापडलं नव्हतं, आणि तेवढ्या हट्टापायी हातातला हातही कळला नव्हता.

भोंग्यानेसुद्धा भोंग्याच्या दोरीवरचा हात काढला. धाकटा डब्याचं झाकण लावून उठला. त्याला झाकण लावायला बराच वेळ लागला.

"दादा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आता नको ना, दादा."

धाकट्याने भावाकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग भोंग्याकडे.

"भोंग्या, तुझ्या बुडाला दगड आहेत?"

"आहेत. का?" भोंगा म्हणाला, आणि मग, "नाही नाही नाही. मी घरी कसा जाऊ? माझी बोट उड्या मारेल!"

"उड्या मारू दे. तुला नवे दगड मी आणून देतो."

"साहेबांच्या पोटाचं काय?"

"माझ्या पोटात आता काही नाही," साहेब म्हणाले. "करा काय ते."

बोट मावशीला भिडवून बांधली. धाकटा भोंग्याच्या बोटीच्या तळाशी उतरला, फिटर मध्ये उभा राहिला, भोंगा शिव्या देत दगड वर ओढू लागला. साहेबही बाह्या सरसावून आले. दगड हातोहात जात होता आणि कठड्यापाशी अडत होता, कारण तिथे वाकून नेमका आत सोडायला माणूस हवा होता. तांडेल उठला. चाचपत कठड्याशी आला, आपल्या बोटीच्या अंगावर तळवा टेकवून ती कुठे आहे ते पाहून घेतलं, आणि हात पुढे केले.

"द्या इकडे."

प्रत्येक दगड त्याने जिथे पूर्वी होता तिथेच सोडला. मावशीच्या पोटात कुठे काय बसतं हे त्याला बघायची गरज नव्हती. थोरली मागे उभी राहून त्याचा सदरा घट्ट धरून होती.

शेवटचे काही दगड जाताना मावशी कुरकुरली. धाकट्याने दोर सोडला.

"चालली का?" तांडेलाने विचारलं.

"चालली," थोरली म्हणाली.

"कशी?"

"मागून जातेय. सरळ. पाटी अजून वर आहे."

"कलंडली नाही ना?"

"नाही. अगदी सरळ."

"सरळच जाणार," तो म्हणाला. "डांबर दिसतंय का गं, चांगलं?"

"चकचकतंय."

ती हे म्हणाली तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं, आणि त्यावर थोडे बुडबुडे. साहेब तोंड उघडणार होते, पण थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ते घड्याळ बघू लागले. ती आणखी थोडा वेळ बोलत राहिली. पाटी, मग नाळ, मग नाळेचं टोक. सगळं सावकाश सांगून झाल्यावर म्हणाली, "गेली."

"बरं," तांडेल म्हणाला, आणि खाली बसला. धाकट्याने डबा त्याच्या हातात दिला.

परतीच्या वाटेवर भोंग्याची बोट खरोखरच उड्या मारत होती. सगळ्यांनीच ओकून घेतलं, भोंग्यानेसुद्धा.

साहेबांची पुढे बदली झाली, जिथे समुद्र नाही अशा ठिकाणी. ते खुशीने गेले. फिटर निवृत्त होईपर्यंत बोटीच बुडवत राहिला आणि आधी दगड आहेत का विचारायचा.

धाकट्याला परवाना मिळाला. लोखंडी बोट बारा वर्षं चालली, मग गंजली. तो आता पाववाल्या सासऱ्यांचं दुकान बघतो, आणि धाकटी जाऊ त्याला बघते. भोंगा मावशीनंतर चार वर्षांनी एका वादळात गेला, बोटीसकट. त्या दिवशी धुकंही होतं. धक्क्यावरच्या काहींचं म्हणणं, भोंगा ऐकू येत होता. काहींचं म्हणणं, नव्हता.

सासूबाई शेवटपर्यंत सांगत, आमची बोट बुडता बुडत नव्हती.

तांडेल दुसऱ्या सोमवारी बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला. पहिले सहा महिने तो थोरलीशी कामापुरतं बोलला. मग एके दिवशी घरी येऊन म्हणाला, कारखान्यात सगळं पांढरंच असतं, बघण्यासारखं काही नाही, त्यामुळे अडत नाही. त्यानंतर तो एकोणीस वर्षं मुकादम होता. पुढे दिवसाही दिसेनासं झालं, तेव्हा त्याने टेबलाला दोष देणं सोडून दिलं. शेवटी तो गेला तोही घरी, आपल्या अंथरुणावर. त्या वस्तीत तांडेल असा जात नसतो, म्हणून लोक भेटायला आले तेव्हा काय बोलावं ते त्यांना सुचेना.

थोरली मुलीकडे असते, तिसऱ्या मजल्यावर. तिच्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, पण दुपारी ऊन फार येतं, म्हणून मुलीने जाड पडदा लावून दिलाय.