समुद्रात टाकायची काठी

मित्रांनो, असे लांब का उभे? जवळ या. गोठ्याच्या दाराआड, फाटक्या पोत्यांमागे टेकून ठेवलेली जुनी घुंगुरकाठी ती मीच. भिऊ नका, एखादं कुत्रं आणि एखादा साप सोडला तर मी कुणावर कधी उगारले गेले नाही. माझ्या डोक्याशी घुंगरांचा झुबका होता, आता एकच घुंगरू उरलं आहे. पण ते एक वाजलं तरी मला सगळं आठवतं.

माझा जन्म मेढ्याच्या डोंगरातला. मी चिव्याची, म्हणजे भरीव बांबूची. बनुबाईच्या मामाने, तात्याबाने, मला तोडलं, चुलीवर धुरात टांगलं, तेल पाजलं आणि विस्तवावर शेकून सरळ केलं. फार भाजलं हो! मनातल्या मनात मी त्याला लाखोली वाहिली. पण त्या भाजण्यामुळेच मी टिकले, हे नंतर कळलं. टोकाला लोखंडी शेंबी ठोकून त्याने मला भाचीच्या हातात दिलं. "जावयाला सांग, काखंतल्या कुबड्या टाक म्हणावं. आपल्या माणसानं हातात काठी धरावी."

जावई म्हणजे बनुबाईचा नवरा, केरबा. इस्लामपूरजवळचा उसाचा शेतकरी, पण पलटणीत भरती होऊन पार इटलीच्या लढाईवर गेला होता. तिथे तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या मांडीत शिरला. सेहेचाळीस साली तो घरी आला तो लंगडतच. कुबड्या सुटल्या त्या दिवसापासून त्याचा सगळा भार माझ्यावर.

त्याचा थोरला भाऊ लालासाहेब, मनाने वाईट नव्हता, पण तोंडाने तिखट. ऊस निघालेलं रान नांगरायला झालं तेव्हा तो ओसरीवर सगळ्यांदेखत म्हणाला, "केरबा, ढेकळांतनं नांगरामागं चालणं तुज्याच्यानं व्हायचं न्हाई. सोमवारी औत जुपायचं हाय. तवर काठीबिगर चाललास तर चाललास, न्हाईतर तुजं रान शेजारच्या आप्पासोला वाट्यानं कसायला लावतो."

केरबा जेवलाच नाही. खंदकात पडल्या पडल्या ज्या रानाची आठवण काढून त्याने दिवस काढले, ते आता दुसऱ्याने नांगरायचं! मग तो एकाएकी उठला आणि माझं डोकं गच्च धरून बनुबाईला म्हणाला, "शुक्कीरवारी रत्नागिरीला जायाचं. आकारामकडं. पाय चालता करून येतो, आन ही काठी समुद्रात टाकून येतो!"

ऐकलंत? ज्याचं ओझं मी अंगावर घेतलं, तोच मला बुडवायला निघाला! असा संताप आला म्हणून सांगू! पण खरं सांगते मित्रांनो, तो चालावा असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. आता या दोन्हींचा मेळ कसा घालायचा?

आकाराम हा केरबाचा पलटणीतला दोस्त. कवठे महांकाळच्या दुष्काळी मुलखातला, पलटणीत आचारी, आणि आता रत्नागिरीत खानावळवाला. "दोन दिवस वाळू तुडव, माझ्या हातचं मासं खा, पाय झक मारत चालंल," असं त्याने नुकतंच पत्रात लिहिलं होतं.

शनिवारी केरबाने खरोखरच वाळू तुडवली. सकाळपासून किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी शेंबी वाळूत रुतायची, तो तोल जाऊन पडायचा, कोळणी हसायच्या आणि तो पुन्हा उठायचा. दुपारी आकारामने तळलेली सुरमई, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी आणि वाटीभर सोलकढी पुढे ठेवली. बनुबाईने नाक मुरडलं. "आगं बया, समद्यात नारळ!" असं म्हणून तिने गाठोड्यातला खर्डा काढला. रात्री मात्र तिने कालवण दोनदा मागून घेतलं. आकाराम हसून म्हणाला, "वहिनी, आमच्याकडं प्यायला पाणी न्हवतं, मासा कुठला दिसायचा? मीबी हितं येऊनच शिकलो."

रविवारी दुपारी तीनची मोटार. ती चुकली तर सोमवारी घरी पोहोचणं नाही. सकाळी पलीकडचा किनारा बघायला निघालो, तेव्हा आकारामने शिदोरी बांधून दिली आणि "वरच्या सड्यानं, त्या कातळाच्या पठारावरनं, फिरून या" असं बजावलं. पण वाटेत एक लहानशी खाडी लागली. पाणी ओसरून घोट्याएवढं उरलेलं, मऊ ओली वाळू. केरबा म्हणाला, "कशाला वर चढायचं? हितनंच जाऊ आन हितनंच येऊ." आम्ही कृष्णाकाठची माणसं! नदीचं पाणी ओसरलं की वर पाऊस पडल्याशिवाय ते पुन्हा चढत नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. केरबा बोटीतून समुद्र ओलांडून आला होता खरा, पण काठावर त्याने कधी दिवस काढला नव्हता.

पलीकडे खडकावर दोघं पोटभर जेवली. बनुबाईने शिंपले वेचले. परत फिरून बघतात तर काय! वाळू गडप, आणि खाडीत छातीपेक्षा खोल पाणी घुसळतंय. आभाळात तर एक ढग नव्हता.

"आवं, ह्ये पाणी आलं कुठनं?" बनुबाई रडकुंडीला आली.

केरबाने वर सड्याकडे पाहिलं. मग त्याने दात आवळले. "सड्यावरनं वळसा घालून जाऊ. चल. रान सोडायचं न्हाई म्हंजे न्हाई."

चढ मोठा कठीण होता. काळा खडबडीत दगड, वर सुटे खडे, डोक्यावर ऊन. अर्ध्यावर बनुबाईच्या वहाणेचा अंगठा तुटला. अनवाणी पाय पोळला आणि ती घसरून आपटली. केरबाने तिला उठवलं, मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "धर ही. मी येतो."

आणि तो चालू लागला. माझ्याशिवाय! घामाने निथळत होता, पाय ओढत होता, दगडाला हात लावून थांबत होता, पण चढत होता. मला तर तो पार विसरला. मला आनंदही झाला आणि रडूही आलं.

नाक्यापाशी पोहोचलो तेव्हा मोटार सुरू झाली होती. आकाराम पिठाच्या हातांनीच तिच्या पुढ्यात उभा राहून ड्रायव्हरशी भांडत होता. बनुबाईने मला उंच धरलं आणि जिवाच्या आकांताने हलवलं. माझी सगळी घुंगरं एकदम खणखणली.

"आलं, आलं!" आकाराम ओरडला. "आमच्या मुलखाची घुंगरं हायती ती! थांब रं!"

मोटार थांबली. वळणावर समुद्र शेवटचा दिसला तेव्हा बनुबाई हळूच म्हणाली, "आवं, काठी टाकायची ऱ्हायली की."

केरबाने मला मांडीवर आडवं घेतलं. "ही नसती तर तू वर आली असतीस व्हय? गप बस."

सोमवारी सकाळी त्याने मला बांधावर रोवलं आणि नांगराचं रुमणं मुठीत धरलं. तो लंगडतच चालला, ढेकळांत अडखळलाही, पण पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली ओळ, ओढून परत आला. लालासाहेब बांधावर उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने मला उपटून हातात घेतलं आणि म्हणाला, "काठी मी धरतो. तू नांगर धर."

पुढे म्हातारपणी लालासाहेबाचे गुडघे धरले, तेव्हा त्याने मला खरोखरच हातात धरलं, आणि केरबाने चुकूनही त्याला जुनं बोलणं ऐकवलं नाही. आता ते दोघेही नाहीत. घरातली पोरं माझ्याने चिंचा पाडतात. घुंगरं त्यातच गळून गेली.

मित्रांनो, खुशाल पाडा चिंचा, माझं काही म्हणणं नाही. पण आपले पाय बरे झाले म्हणून आधाराची वस्तू फेकून देऊ नका. आणि खेळ झाला की मला पावसात आडवी टाकू नका, या दाराआड उभी करून ठेवा. या घरात अजून कुणाला तरी चढ चढायचा असेल.