दाराखालची निळी वायर

मी एक जुनी निळी वायर आहे, मित्रांनो. मोठमोठ्या फाइली इकडून तिकडे नेणारी. माझ्या पोटात तारांच्या चार जोड्या आहेत. त्यातली एक जरी तुटली, तरी माझा वेग पार दहाव्या हिश्श्यावर येतो.

लग्नांचं चित्रण करणाऱ्या बहीण-भावाच्या घरी मी आले. ताईचा लॅपटॉप आतल्या खोलीत आणि साठवणीची डिस्क बाहेर माळ्यावर, म्हणून मला दाराखालून नेलं होतं. "बघता बघता उतरलं की गं सगळं!" असं ताई कौतुकाने म्हणायची. भावाचा राग मात्र नाकावर. त्याला सगळे तोफ म्हणत. भांडण झालं की तो धाडकन दार आपटायचा आणि त्याखाली मी चेचली जायचे. हे कोणाच्या गावीही नव्हतं.

एके दिवशी कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्यांनी त्यांच्या मामाला काठ्यांनी बडव बडव बडवलं. डोकं फुटलं, हात मोडला. वर 'पहिला हात यानेच उचलला' असं सांगून पोलिसांकडून मामालाच कोठडीत टाकायला लावलं. ते ऐकून तोफने दार असं आपटलं, की माझी एक जोडी तटकन तुटली.

ताई तेव्हा गेटजवळच होती आणि खरं काय झालं ते तिने कॅमेऱ्यात टिपलं होतं. पहारेकऱ्यांनी तिचा कॅमेरा फोडला, पण चित्रण आधीच तिच्या पिशवीतल्या लॅपटॉपमध्ये बिनतारी उतरलं होतं. आता ते चित्रण मिटवायला पहारेकरी घरी येणार, हे उघड होतं.

"ते यायच्या आत सगळं माळ्यावर गेलं पाहिजे," ताई म्हणाली. तोफ धावत जाऊन लॅपटॉपला लावायची वेगवान नेटवर्कची डबी घेऊन आला. ती लावून मला तिच्यात खोचलं, तर वेग पूर्वीपेक्षाही कमी!

"डबीच भिकार निघाली!" त्याने ती भिंतीवर फेकून मारली आणि मला पुन्हा लॅपटॉपच्या जुन्या खाचेत खुपसलं. वेग तेवढाच.

"अरे, वायर बघ ना."

"वायरीला काय धाड भरलीय? नुसती पडून तर असते!"

तेवढ्यात बाहेरचं दार फुटलं. तोफने आतलं दार लावून त्याला पाठ टेकली. बाहेरून लाथा बसत होत्या. प्रत्येक लाथेसरशी दार माझ्यावर दाबलं जात होतं, तरी मी फाइली नेत होते. शेवटी बिजागऱ्या निखळल्या. त्यांनी तोफला रक्त ओकेपर्यंत तुडवलं आणि लोखंडी कांबीने लॅपटॉपचा चेंदामेंदा केला. माळ्याकडे कोणी पाहिलं नाही.

मामाला मारतानाचं चित्रण माळ्यावर पोचलं होतं. पहिला हात कोणी उचलला ते दाखवणारी फाइल मात्र शेवटची होती. ती अर्ध्यावर राहिली. आता ती उघडतच नाही.

सुजल्या हातांनी तोफने मला ओढून काढलं आणि ब्लेडने सोललं. दाराखाली चपटलेल्या जागी तुटलेल्या तारा दिसल्या. "ताई, हे माझ्या दार आपटण्यानं झालं गं," म्हणत तो ढसाढसा रडला. मामा अजून कोठडीतच आहे.

मित्रांनो, मला फार वाईट वाटतं. एवढंच मागते, राग आला तरी दार हळू लावा. खाली कोणीतरी तुमचंच काम करत पडलेलं असतं.