मानेमागचा कॅमेरा

"बाबा, कॅमेऱ्याकडे बघू नका."

"मी कुठे बघतोय? तोच माझ्या मागे लागलाय."

मागे म्हणजे खरोखरच मागे. कॅमेरा खांद्यावर घेतलेली मुलगी भिंगवाल्यांच्या मानेपासून वीतभर अंतरावर उभी होती, आणि ते आपल्याच स्वयंपाकघरात चहाचा कप धरून पाहुण्यासारखे अवघडून बसले होते. तेहतीस वर्षं त्यांनी चष्म्याची भिंगं घासली होती. केसाएवढा फरक त्यांच्या बोटांना कळायचा. पण माणसाच्या मानेचं चित्रण करून कोणाला काय कळणार, हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"मानेला काय तोंड असतं?"

"तुमच्या मानेला असतं," लेक म्हणाली. "राग आला की आधी मान ताठ होते तुमची. लहानपणापासून बघतेय मी."

कॅमेरावाली हसली. कानाला हेडफोन लावून बसलेला आवाजवालाही हसला. भिंगवाले हसले नाहीत, पण त्यांना राग आला नव्हता.

लेक बावीस वर्षांची होती आणि हा तिचा पहिला सिनेमा होता. त्यात दिवे नव्हते. खिडकीतून येईल तेवढाच उजेड. गाणी नव्हती, रंगरंगोटी नव्हती. मुलाचं काम करणारा वाचनालयात पुस्तकं लावायचा आणि जन्मात कधी नाटकातही उभा राहिला नव्हता. म्हणूनच घेतला, असं लेकीचं म्हणणं. काल पूर्ण सकाळ तो खिडकीत बसून टोस्ट खात होता आणि ही मंडळी ते टिपत होती.

"अगं, पण यात घडतं काय?" भिंगवाल्यांनी संध्याकाळी विचारलं होतं.

"घडतंय की."

"काय घडतंय? पोरगं टोस्ट खातंय."

"त्याला घर सोडायचंय, आणि ते कोणाला सांगता येत नाहीये, बाबा."

पोरगं कोणाचं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी याच स्वयंपाकघरातून उठून गेला होता. आई त्याआधीच वारलेली, आणि लेक त्या सकाळी शाळेत गेलेली. घरात बापलेक दोघंच. आता तो दुसऱ्या गावात असतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. बहीणभाऊ फोनवर बोलतात, हेही ठाऊक होतं. ती बोलायला लागली की ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसत.

आज त्या सकाळचा प्रसंग होता. लेकीने कागद पुढे केला. त्यावर दोनच ओळी होत्या : मुलगा बॅग उचलतो. वडील काही बोलत नाहीत.

भिंगवाल्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"हे चुकलंय."

"काय चुकलं?"

"मी बोललो होतो."

लेकीने कॅमेरावालीकडे पाहिलं. "राहू द्या ना बाबा. न बोलताच चांगलं वाटेल. बघणाऱ्याला कळतं सगळं."

"बघणाऱ्याला कळो नाहीतर न कळो. मी बोललो होतो ते बोललो होतो. तू माझ्या चुकीवर पांघरूण घालू नकोस."

लेकीने कागद परत घेतला. मग म्हणाली, "बरं. जसं झालं तसं करा. आम्ही मध्ये बोलणार नाही."

भिंगवाले उठले. कप घेऊन मोरीपाशी गेले, नळ सोडला आणि पाठ फिरवून कप विसळू लागले. मागे वाचनालयातल्या मुलाने बॅग उचलली. त्याच्या बुटांचा आवाज दारापर्यंत गेला. मग दार लागलं. भिंगवाले कप विसळतच होते. तो कधीच स्वच्छ झाला होता.

"जायचं तर जा," ते नळाकडे बघत म्हणाले. "पण मग पुन्हा या घरात तोंड दाखवू नकोस."

नळ वाहत होता. बऱ्याच वेळाने लेक अगदी हळू "कट" म्हणाली आणि स्वतःच पुढे येऊन तिने नळ बंद केला.

"बाबा, असंच झालं होतं? असंच, पाठ फिरवून?"

"असंच."

"दार लागल्यावर?"

भिंगवाल्यांनी ओले हात टॉवेलला पुसले. नऊ वर्षं ते वाक्य त्यांनी उराशी बाळगलं होतं, पण दार आधी की वाक्य आधी, हा हिशेब त्यांनी कधी केला नव्हता. आत्ता हातांनी आपोआप केलं तेव्हा दार आधी लागलं होतं.

"दादाला हे ऐकू आलेलंच नाही," लेक म्हणाली. "तो मला म्हणाला, बाबा एक अक्षर बोलले नाहीत. म्हणून मी तसं लिहिलं. तुम्हाला वाचवायला नाही लिहिलं."

"काहीच ऐकलं नाही त्याने?"

"नळाचा आवाज येत होता म्हणाला." ती थांबली. "तो जिन्यात उभा होता, बाबा. दोन-तीन मिनिटं. तुम्ही हाक माराल असं वाटलं त्याला."

आवाजवाल्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. कॅमेरावाली खिडकीबाहेर बघू लागली. भिंगवाले मघाच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले.

"मग तुम्ही काय केलंत?" लेकीने विचारलं.

"कामावर गेलो."

"लगेच?"

"माझी वेळ झाली होती." थोड्या वेळाने ते म्हणाले, "एकही भिंग वाया गेलं नाही त्या दिवशी."

कॅमेरा उचलून लेक बाकीच्या तिघांसह बाहेर जिन्यात गेली, आणि दारातून डोकं आत घालून म्हणाली, "ते कराल? कामावर निघालात तसं? नाही म्हणालात तरी चालेल."

"करतो," भिंगवाले म्हणाले.

सिनेमा चार महिन्यांनी, एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात दाखवला. घडीच्या खुर्च्या, चाळीसेक माणसं, खिडक्यांना काळं कापड. भिंगवाले इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत कडेला बसले.

"दादाला कळवलंय," लेक एवढंच म्हणाली होती. "त्याला जमणार नाही. पण बघायला पाठव म्हणालाय."

टोस्ट आला. खिडकी आली. मग पडद्यावर त्यांची मान आली आणि ते जागच्या जागी सावरून बसले. मुलाने बॅग उचलली, दार लागलं, पण कॅमेरा त्यांच्याबरोबर आत राहिला नाही. तो मुलाबरोबर जिन्यात गेला होता.

मुलगा पायरीवर उभा होता. लाकडी दार त्याच्या पाठीशी बंद. आतून नळाचा आवाज येत होता आणि त्या आवाजात कुठेतरी ते वाक्यही असणार, पण इथे ते ऐकू येत नव्हतं. मुलाने कठड्यावर हात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. प्रसंग संपेना. पुढे कोणीतरी खुर्चीत चुळबुळ केली, कोणी खोकलं. भिंगवाल्यांनी या दाराची बाहेरची बाजू रोज पाहिली होती, पण आपण आत असताना ती कशी दिसते, हे कधी पाहिलं नव्हतं.

शेजारी बसलेली अनोळखी बाई स्वतःशीच पुटपुटली, "अहो, हाक मारा ना कोणीतरी त्याला."

भिंगवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

पडद्यावर मुलगा पायऱ्या उतरला. त्याची पावलं एक मजला खाली गेली, आणखी एक, आणि मग ऐकू येईनाशी झाली. कॅमेरा गेला नाही. रिकाम्या पायरीवर उजेड होता. नळ बंद झाला. मग दार उघडलं आणि एक म्हातारपणाकडे झुकलेला माणूस डबा घेऊन बाहेर आला. त्याने कुलूप लावलं. ते नीट लागलंय की नाही हे दोनदा ओढून पाहिलं, आणि तो जिना उतरू लागला.