सरकी आणि कपबशीचा दात

आमच्या ह्यांना तोंडात लोखंड नको होतं. डावीकडच्या दाढा कधीच गेलेल्या; उजवीकडची खालची दाढही काढावी लागली, तेव्हा प्रीतमनं, आमच्या मुलानं, त्यांना अमरावतीला डॉक्टर पौर्णिमाकडे नेलं. मीही सोबत होते. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचा असं तिनं सांगितलं, तर हे खुर्चीत ताडकन उठून बसले. "मी काय बंडीचं चाक हाओ काय, खिळे ठोकाले?"

मग त्या पोरीनं पांढरा, सिरॅमिकचा स्क्रू दाखवला. यात धातू अजिबात नाही, म्हणाली. पाच-सात वर्षांचे निकाल चांगले आहेत, पण त्यापुढचा अभ्यास धातूच्या मानानं अजून कमी आहे, हेही तिनं सांगून टाकलं. तिचा खरेपणा मला आवडला. ह्यांनी तो स्क्रू उलटसुलट करून पाहिला. "म्हंजे कपबशीचा दात. चालते."

उन्हाळ्यात तो बसवला. हाड त्याला घट्ट धरत नाही तोवर त्या बाजूनं काही खायचं नाही, असा हुकूम होता. एरवी कोणाचं न ऐकणारा हा माणूस, पण कण्या अन् दुधात कुस्करलेली भाकर खाऊन त्यांनी महिने काढले. का काढले, ते मला ठाऊक होतं. दिवाळीला कापूस घरात येणार होता.

कापूस वाळला की नाही, ते आमचे हे दाढेखाली सरकी धरून सांगतात. ओली सरकी चेपते, वाळलेली फुटते. कानांनी साथ सोडली तरी दाढ त्यांना बरोबर सांगायची. हल्ली अंजनगावच्या व्यापाऱ्याकडे ओल मोजायचं मशीन आहे. शेतीही सगळी प्रीतमच पाहतो, फवारणीपासून मजुरांपर्यंत. पण बापानं 'ने' म्हटल्याशिवाय तो कापूस गाडीत भरत नाही. ह्यांच्या हाती आता तेवढा एक शब्द उरला आहे.

यंदा नवी दाढ पक्की होऊन आली तेव्हा पुढची खोली कापसानं खिडकीपर्यंत भरली होती. प्रीतमनं विचारलं, "बाबा, पाहता का?" ह्यांनी सरकी दाढेखाली धरली. मग दुसरी धरली. मग तिसरी. "संध्याकाळी सांगतो," म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले.

प्रीतम शेतात गेल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. "मले काई समजूनच नाही राहिलं, प्रीतमची माय. दात पक्का हाये, पण मुका हाये."

मी डॉक्टरला फोन लावला. ती म्हणाली, "काकू, आपल्या दाताच्या मुळाभोवती पातळ पडदा असतो, दाब त्याला कळतो. हा दात थेट हाडात बसलाय. हळूहळू थोडंफार कळेल, पण पहिल्यासारखं नाही. मी आधीच सांगितलं होतं." सांगितलं होतंच. दात मिळणार या आनंदात आमचं लक्ष कुठं होतं? "आणि त्या दातानं सरकी वगैरे फोडू देऊ नका," तिनं वर बजावलं.

मी ह्यांना सगळं मोठ्यानं सांगितलं. "मंग प्रीतमले सांगतो, मशीनवरच पाहत जाय," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मी आत जाऊन मूठभर कापूस घेऊन आले.

"एक सरकी फोडा."

"डाक्टरीण नाही म्हनते ना?"

"एकीनं काई होत नाही. फोडा."

मी त्यांच्या गालाजवळ कान नेला. शेजारीण पाहील म्हणून ते अवघडले, पण फोडली. कट्टकन वाजली.

"वाळला," मी म्हणाले.

"तुले कसं समजलं?"

"वाजली ना."

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

अकोटला माझ्या माहेरी हे मला पाहायला आले होते, ती ओसरी माझ्या डोळ्यांपुढे आली. तिथंही असाच कापूस होता. माझ्या बाबांनी गंमत म्हणून पोराची परीक्षा घेतली, विकायला झाला का म्हणून. ह्यांनी सरकी फोडली, दाराकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून ओला हाये. आठ दिवस थांबा. मी येऊन पाहून जाईन." अन् आठवड्यानं खरंच आले, अंजनगावाहून सायकलनं, एकटेच.

"आमच्या ओसरीवर तुमी सरकी फोडली, तेवाबी अशीच वाजली होती," मी म्हणाले. "मी दाराआड उभी होती."

म्हातारपणी कोणी लाजतं का? हे लाजले.

"एवढे वर्स बोलली कावून नाही?"

"कावून बोलू? मलेबी तुमी परत याले पाह्यजे होते."

संध्याकाळी प्रीतम आला. "बाबा, काय म्हणता?"

ह्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"ने," ते म्हणाले.