आनंदीने पेडवे का सोडले

निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, गुरुदासांना कथा लिहायचं वेड लागलं. कट्टा गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघणार होता आणि त्यात आपली बायकोवरची कथा येणार, हे त्यांनी अर्ध्या बाजाराला सांगूनही टाकलं होतं. पण अंकाचं काम बघणाऱ्या दिव्याने कागद परत केले. "काका, प्रेमळ, कष्टाळू, हसतमुख... ही बायको कोणाचीपण असेल. ती दिसतच नाही. बारीकसारीक काहीतरी लिहा ना!"

झालं! गुरुदास तणतणत घरी आले. छत्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला ही कालची पोर बायको दाखवणार? घे बाई, बारीकसारीकच घे, म्हणत ते वही घेऊन बसले आणि बायकोवर, आनंदीवर, पाळत ठेवू लागले.

पहिल्या दिवशी लिहिलं, बाजारातून मोरी मासा आणला. दुसऱ्या दिवशी, परत मोरी.

"गो, पेडवे खंय गेले? दर्यातले सोपले काय?"

"मोरी बरी. काटे नाय," म्हणून आनंदीने विषय संपवला. बारीक काट्यांच्या पेडव्यांवर जीव टाकणारी बाई ही!

तिसऱ्या दिवशी लिहिलं, चहा ओतताना कपाच्या काठाला आतून बोट लावते, चटका बसला की थांबते. चौथ्या दिवशी, मासेवाली हौसाबाई दारात उभी, पण ती बोलेपर्यंत हिने ओळखलं नाही.

पाचव्या दिवशी गुरुदासांनी मागची पानं सलग वाचली. ते तसेच स्वयंपाकघरात गेले आणि तिच्यापुढे हात धरला. "ही किती बोटां?"

आनंदीने डोळ्यांना पदर लावला. "वरीस झाला. सगळा धुक्यासारखा दिसता. वाटला, सांगलंय तर आंधळी म्हणून बसवन ठेवशात."

गुरुदासांना स्वतःचीच लाज वाटली. वर्षभर रोज हिच्यासमोर बसून जेवलो आणि बघितलं काय, तर ताटातला मासा!

मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं.

नवीन कथा दिव्याकडे जाण्याआधी आनंदीच्या हातात पडली. नवा चष्मा लावून तिने ती शेवटपर्यंत वाचली.

"चायत बोट घालतंय म्हणून लिवलास? आता माझ्या हातची चाय कोण पितलो?"

"काढून टाकू?"

"रवांदे. पण एक लिवक इसारलास. डोळ्यार पट्टी होती तेवा पेडव्याचे काटे काढून माका भरवलास, ता खंय आसा?"

"ता काय लिवचा..." गुरुदास पुटपुटले. कान लाल झाले होते.

"माजो घोव पण जरा दिसांदे मा लोकांका," आनंदी म्हणाली आणि तिने पेन नवऱ्याच्या हातात दिलं.