धाकटा काका आणि इतिहासाचा पेपर

पायांच्या जंगलातून सुटलेला चेंडू ‘भिंत’ नावाच्या पोरीला बरोबर दिसायचा, पण छापलेली ओळ काही दिसायची नाही. म्हणजे दिसायची, पण तिच्यातली अक्षरं एका जागी ठरायची नाहीत. वाचायला जावं तर शाळा सुटल्यासारखी पांगायची. तपासणी झाली, त्याला अध्ययन अक्षमता असं भारदस्त नाव मिळालं आणि तिला परीक्षेसाठी लेखनिक मिळाली. ‘भिंत’ हे नाव मात्र तिला त्याआधीच मिळालं होतं, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक म्हणून.

शाळेचा नियम साधा होता: एका विषयात जरी आपटलीस तरी संघाबाहेर. बाकीचे विषय कसेबसे पार पडले होते. सोमवारी इतिहासाचा पेपर आणि शनिवारी अंतिम सामना. राखीव गोलरक्षक तशी गुणी मुलगी होती, फक्त चेंडू आला की डोळे मिटून घ्यायची.

इतिहास करून घेतला तो आत्याने, आपल्या इस्त्रीच्या दुकानात. पुस्तक खळीच्या डब्याला टेकवलेलं, हातात इस्त्री, आणि समोर दोरीवरच्या उड्या मारत भिंत ऐकतेय. पण नुसतं वाचून पुढे जाणं आत्याच्या स्वभावात कुठलं!

“राजाने करवाढ केली,” कॉलरवर इस्त्री दाबत ती वाचायची. “हं! आपल्या धाकट्यासारखाच. खिसा दुसऱ्याचा आणि हात याचा. पुढे ऐक. सरदार नाराज झाले. होणारच! मेल्याने एकाला तरी विचारलं होतं का? उड्या मार, थांबू नकोस.”

भिंतीला सगळं पाठ झालं. जसं ऐकलं तसंच, आत्याच्या धाकट्या भावासकट, म्हणजे भिंतीच्या काकासकट.

पेपराला तिला वेगळी खोली दिली होती. देखरेखीला चित्रकलेचे सर आणि लिहायला दोन इयत्ता खालची एक टाचणीसारखी ताठ मुलगी. सांगेल ते शब्दशः लिहायचं, एवढीच सूचना टाचणीला मिळाली होती आणि ती तिने मनावर घेतली होती.

“राज्य लयाला जाण्याची चार कारणे लिहा,” टाचणीने वाचलं.

भिंतीने डोळे मिटले. गरम कापडाचा वास आल्यासारखा झाला आणि उत्तर आपोआप तोंडातून बाहेर पडायला लागलं. संपल्यावर ती खुशीत म्हणाली, “वाच बघू.”

टाचणीने बातम्या द्याव्यात तसं वाचलं, “राजाने करवाढ केली. हं. आपल्या धाकट्यासारखाच. खिसा दुसऱ्याचा आणि हात याचा...”

खिडकीपाशी सरांना जोराचा ठसका लागला.

“अगं बाई, हे कशाला लिहिलंस?”

“तू सांगितलंस.”

“काका खोड!”

“पूर्ण?”

“पूर्ण!”

“राज्याच्या पतनात काका कुठून आला?” सरांनी विचारलं.

“करवाढीतून आला, सर.”

पुढच्या प्रश्नाला भिंतीने कंबर कसली. आत्याला बाजूला ठेवून शहाण्या मुलीसारखं उत्तर द्यायचं. “सेनापतीने माघार घेतली,” ती म्हणाली. “कारण...” आणि गाडी तिथेच रुतली. टाचणी पेन धरून वाट बघत बसली. कारण काय? डोक्यात नुसता पांढरा कागद. भिंतीला गोलसमोर उभी राहिलेली, डोळे गच्च मिटलेली राखीव मुलगी दिसायला लागली.

“टाचणे, काका परत घे.”

“खोडलेला?”

“हो. आणि आता मी बोलेन ते सगळं लिही, काय व्हायचं ते होऊ दे.” तिने डोळे मिटले. “सेनापतीने माघार घेतली. त्याची काही चूक नव्हती हो! रसद पोचवायची नाही, तोफा चिखलात पाठवायच्या, आणि वर विचारायचं, बूट कसे मळले? असल्या मालकाकडे मी एक दिवस टिकले नसते...”

टाचणीचं पेन पळत सुटलं.

गुरुवारी इतिहासाच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. पेपर समोर पसरलेला होता.

“कारणं चार मागितली होती,” बाई म्हणाल्या. “चारही आहेत. शिवाय एक काका.”

“बाई, ते आत्या—”

“ते कळलं मला. काकाला शून्य दिलंय. बाकी पास आहेस तू, चांगली पास.”

भिंत दाराकडे पळणार एवढ्यात बाईंनी चष्मा काढला. “थांब. सेनापतीची चूक नव्हती हे मात्र मला अजिबात मान्य नाही. त्याने नदी ओलांडायलाच नको होती. ही तुझी आत्या शनिवारी येणार आहे का मैदानावर?”

शनिवारी आत्या आणि बाई दोघी गोलच्या जाळीमागे उभ्या राहिल्या, पण सामन्याकडे पाठ करून.

“नदी ओलांडली नसती तर पोरं उपाशी मेली असती की हो, बाई!”

“धान्य अलीकडेच होतं! पुढचा धडा वाचलात का तुम्ही?”

“तुमच्या सेनापतीने तरी कुठे वाचला होता?”

समोरच्या संघाची मुलगी सगळ्यांना चकवत चेंडू घेऊन आत घुसली. तिने पाय उचलला आणि क्षणभर नजर वर गेली: कोण भांडतंय एवढं? फटका बसला, पण थोडा वाकडा. अशा बडबडीत काम करायची भिंतीला सवयच होती. तिने झेप घेतली आणि चेंडू पोटाशी धरून मातीत लोळली. मैदानभर टाळ्या आणि आरडाओरडा झाला.

“टाळ्या कसल्या वाजताहेत?” आत्याने विचारलं.

“काय माहीत,” बाई म्हणाल्या. “तुम्ही आधी त्या धान्याचं बोला.”