सासऱ्याची फिल्म

निंबा नाना आणि त्यांची सून ज्योती एका घरात राहत, एका चुलीवरचं खात; पण ज्योतीच्या लग्नाला तीन वर्षं होऊनही समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. भांडण होतं म्हणता? छे हो! भांडायला तरी बोलावं लागतं. एरंडोलजवळच्या त्या गावात सुनेनं सासऱ्यासमोर पदर ओढून मान खाली घालायची आणि सासऱ्यानं दारात येताना खाकरायचं, अशी रीत. कुणी काढली देव जाणे, पण पाळत मात्र सगळे.

मध्ये सासूबाई मंजुळाबाई होत्या तोवर ठीक होतं. 'तिले सांग', 'त्यास्ले सांग' असा निरोपांचा कारभार त्यांच्यामार्फत चाले. पण त्या गेल्या लेकीच्या बाळंतपणाला फैजपूरला, आणि ज्योतीचा नवरा प्रेमराज सुरतेला कापडाच्या गिरणीत. तो दिवाळीशिवाय घरी फिरकत नाही. मग उरली चंद्री म्हैस. नाना अंगणात बसून तिला विचारायचे, "काय वं चंद्री, आज च्या मिळी का नही?" आणि आतून ज्योती चहाचा कप घेऊन यायची. बिचाऱ्या म्हशीनं काय काय ऐकून घेतलं असेल!

ज्योतीला नाद होता मोबाइलवर चित्रण करायचा. हळद असो, डोहाळजेवण असो, तिनं काढलेलं बाया पुन्हा पुन्हा बघत. सगळे नाचणारीला टिपत असले की ही कोपऱ्यात उभ्या असलेल्या नवरीच्या आईकडे वळायची. कुणी शिकवलं नव्हतं, पण नजर होती पोरीला.

अशात जळगावात एक केंद्र सुरू झालं. गावाकडच्या पोरापोरींना फिल्मचं काम शिकवायचं, फी घ्यायची नाही, आणि शिकून झालं की कामालाही लावून द्यायचं. खान्देशातली गाणी आणि विनोदी व्हिडिओ लोक घरोघरी बघतात, पण कॅमेऱ्यामागे बाई औषधालाही सापडत नाही, म्हणून केंद्र चालवणारी विधी गावोगाव फोन करून बायांना बोलवत होती. जळगावातल्याच मारवाडी कापड दुकानदाराची ही लेक, बाहेर शिकून परत आलेली. तिची अट एकच. तुमच्या घरात राहणाऱ्या माणसाची छोटी फिल्म करून पाठवा. त्या माणसानं कॅमेऱ्याकडे बघून बोलायला हवं. शनिवार शेवटचा.

आता घरात राहणारं माणूस कोण? एक नाना. झाली का पंचाईत!

ज्योतीनं धार काढता काढता चंद्रीलाच सांगितलं. जरा मोठ्यानंच. फिल्म केली नाही तर जागा हातची जाईल, आणि अशी संधी काही दारात रोज येत नाही. पलीकडे दोर वळत बसलेल्या नानांचे हात थांबले. मग तेही म्हशीलाच म्हणाले, "येडी व्हयनी का वं? सासराले कोनी समोर बसाडस का?"

ज्योतीनं आशाच सोडली. आणि शुक्रवारी सकाळी बघते तर काय, धुतलेला सदरा, पांढरी टोपी घालून नाना अंगणात खाटेवर बसलेले!

धावतपळत तिनं हंड्यावर हंडा रचला, त्यावर मोबाइल टेकवला आणि पदर ओढून मागे बसली. नाना बोलले, अगदी भरभरून बोलले. तरुणपणी बैलगाडी घेऊन धुळ्याच्या बाजाराला कसे जायचे ते सांगितलं. ज्योती खूश. घरात जाऊन बघायला बसली आणि तिनं कपाळावर हात मारला. मान खाली घालून फिल्म काढली की दुसरं काय होणार? गळ्यापासून खाली नाना दिसत होते. वर तोंडच नव्हतं. एकदा ते जरा वाकले तेव्हा दिसलं, तर कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. बैलगाडीची सगळी गोष्ट त्यांनी चंद्रीला सांगितली होती.

ज्योतीला आधी हसू आलं, मग रडू. तिनं विधीला फोन लावला. "ताई, माझ्याच्यानं नाही होणार. माझी जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाका."

विधीनं सगळं ऐकून घेतलं. "ज्योती, कॅमेऱ्यामागे तू आहेस ना? मग बघावं तर तुलाच लागणार गं. मी उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघते."

फोन ठेवून तिनं मन भरून रडून घेतलं. बाहेर ओट्यावर बसलेल्या नानांना ते सगळं ऐकू गेलं. ते त्या दिवशी खाकरलेसुद्धा नाहीत.

शनिवारी सकाळी चंद्री अंगणात नव्हती. ज्योती दारात येऊन इकडे तिकडे बघू लागली, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"मांगे बांधी उनू तिले. आते मी आनि तू. पदर मांगे कर. असा पदरमातून काय दखाई तुले?"

मध्ये कुणी नव्हतं. म्हैससुद्धा नव्हती. ज्योतीचा हात पदराशी गेला आणि तिथंच अडला. मग तिनं पदर केसांपर्यंत सारला आणि मान वर केली. तीन वर्षं ज्यांना जेवायला वाढलं त्यांचे डोळे घारे आहेत, हे तिला त्या सकाळी कळलं. प्रेमराजचे घारे डोळे कुणावर गेले, तेही कळलं. आणि त्या डोळ्यांत तिच्याइतकीच भीती होती.

काय विचारायचं ते तिनं घोकून ठेवलं होतं, पण ऐनवेळी भलतंच ओठांवर आलं. वडील तिच्या लग्नानंतर वर्षाच्या आत गेले होते. तेव्हापासून हा प्रश्न विचारावा असं तिला कुणी उरलंच नव्हतं.

"नाना, मी जळगावले जासू, कॅमेरानं काम करसू. गाव नावं ठेवी. तुम्हले चाली का?"

"गावनं काय सांगस?" नाना म्हणाले. "गाव मरेल मानूसलेबी नावं ठेवस." मग आवाज खाली आला. "तुना बाप ऱ्हाता ते त्याले इचारती ना तू? तो 'जाय आंडेर' म्हनता. तो आते नही शे. पन मी शे ना. मी सांगस तुले, जाय."

ज्योतीच्या डोळ्यांना धार लागली. नानाही टोपी काढून उगाच झटकू लागले. तिनं डोळे पुसले, मोबाइलकडे बघितलं आणि ती ओरडलीच.

"अगं बाई! नाना, बटन दाबानंच ऱ्हाई गयं!"

नाना हसले हो! दात नसलेलं तोंड उघडं टाकून खदाखदा हसले. "मंग काय व्हयनं? परत म्हनसू. खोटं थोडंच बोलनू? दाब बटन."

ज्योतीला केंद्रात जागा मिळाली, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. तीच फिल्म तिथं सगळ्यांना दाखवली. तिच्यात नाना सरळ समोर बघतात आणि आजवर कधी न उच्चारलेलं नाव घेतात. "हाई ज्योती शे," ते म्हणतात, "मनी आंडेर."

आंडेर म्हणजे लेक. विधीनं फिल्म तिथंच थांबवली आणि विचारलं, "ते सून म्हणायचं चुकले का गं? कापायचं का एवढं?"

"नको ताई," ज्योती म्हणाली. "राहू द्या तसंच."